मोटारीचं पाणी

कामशेतची खिंड अर्धी चढून झाली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी मोटार कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि नुसती बसून राहिले. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर लोखंड तडकतं, म्हणून आधी थांबायचं, हे आप्पांनी मला सगळ्यात पहिल्यांदा शिकवलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. रस्तेखात्यात ओव्हरसियर होते. या फाल्गुनात ते गेले. लोणावळ्याच्या घरी आता आई आणि मी दोघीच, तेव्हा मोटार तळेगावला माझ्या भावाकडे, चिंतामणीकडे, राहावी असं ठरलं. ती पोचवायला मी निघाले होते. मुलीला मोटार शिकवली म्हणून लोणावळ्यात आप्पांच्या नावानं बरंच बोललं गेलं होतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता.

त्यांचा जीव या इंजिनात होता. चार सिलिंडर, बारा अश्वशक्ती, साधी रचना. "याच्या नाकात कुणी जबरदस्तीनं हवा कोंबत नाही," ते म्हणत. "पिस्टन खाली जाताना जेवढा श्वास घेईल तेवढंच काम करील. म्हणून हे टिकतं." पाणी फिरवायला पंपसुद्धा नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली यायचं. आत खार धरला की हे फिरणं मंदावतं आणि इंजिन तापतं, म्हणून पाणी कुठलं घालायचं याबद्दल आप्पा फार काटेकोर होते. आमच्या विहिरीचं पाणी जड होतं. त्यात डाळ शिजत नसे. ते आम्ही प्यायचो. मोटारीला मात्र या खिंडीखालच्या झऱ्याचं पाणी लागे.

झरा महारवाड्याचा. आप्पा तळेगावला जाता-येता इथे थांबत, भोंगा वाजवत, आणि तिथली धोंडाबाई घागर घेऊन वर येई. आप्पा पत्र्याचे डबे जमिनीवर ठेवून मागे सरत. ती वरून धार धरी. डबे घरी आले की मोटारीच्या खोलीत राहत. आई ते ओटीवरसुद्धा ठेवू देत नसे. कुणी पाहुण्यानं विचारलं की आप्पा म्हणत, "मोटारीला जात नसते." सगळे हसत. मीही हसे. इतकी सुधारकी पुस्तकं वाचूनही मला त्या वाक्यात एक चांगला माणूस दिसायचा.

मी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा बोटाच्या दाबानं खाली जात होता. आप्पांच्या आजारपणाच्या महिन्यांत त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. पाना काढून तो ताणत होते तोच मागून आवाज आला.

"आवाजावरनं वळकली मी मोटार. पर आज लय खोकत व्हती."

धोंडाबाई उभी होती. मी भोंगा वाजवला नव्हता, तरी आली होती, घागरीसकट.

"धोंडाबाई, तुम्ही कशा आहात?"

"आं? तुमी?" तिनं मागे वळून पाहिलं. "माज्या मागं पाटील हुबं हाईत का काय?"

आप्पा तिला धोंडे म्हणत.

"आप्पा गेले," मी म्हटलं.

"व्हय. कळलं बाजारात." तिनं घागर दगडावर टेकवली. "लय आजारी व्हतं म्हनं. हाल झालं?"

"झाले."

"मोटारीपायी जीव टाकायचं. माज्याशी बोलायचं ते बी मोटारीचंच. आज किती तापली, किती पेली. येकदा म्या म्हनलं, सायब, हिचं बाळंतपन करताय का काय?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. ती उन्हाकडे पाठ करून बसली. मी डोळे पुसून म्हटलं, "ते म्हणायचे, मोटारीला जात नसते."

"म्हनायचं की. मलाच म्हनलं व्हतं पयलं." तिनं पदरानं मान पुसली. "असंच ऊन व्हतं. मोटार निवायची वाट बगत बसल्यालं. व्हट फुटल्यालं, जीभ टाळ्याला. मला बगवंना. म्हनलं, सायब, घोटभर घ्या, हितं कोन बगतंय? तर हसलं. म्हनलं, धोंडे, मोटारीला जात नसते, मला आहे."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"न्हाई, रागानं न्हाई म्हनलं," ती म्हणाली. "ग्वाड बोलायचं ते. मग तसंच बसलं, मोटार निवस्तवर."

घरी आम्ही ऐकायचो ते अर्धंच वाक्य होतं. उरलेलं अर्धं त्यांनी इथे ठेवलं होतं, या बाईपाशी, आणि पहिलं तेवढं पाहुण्यांसाठी घरी आणलं होतं. जो माणूस आता उत्तर द्यायला नाही, त्याची लाज मी एकटीनं कशी धरायची ते कळेना. आणि त्या वाक्यावर मी हसायचे, ती लाज तर माझी स्वतःची होती.

मी ओंजळ पुढे केली. "मला द्या पाणी."

ती जागची हलली नाही.

"धोंडाबाई, मला प्यायला द्या."

"न्हाई, ताईसाब."

"का? मला काही वाटत नाही."

"तुमाला न्हाई वाटत. पर उद्या कामशेतात बोभाटा झाला, तर कुनाच्या दारात येतील? तुमच्या का माज्या? बामनाची लेक बाटवली म्हनतील." मग ती म्हणाली, "आन तुमाला तान न्हाई लागली. तुमाला दुसरंच कायतरी पायजे. त्ये माज्या घागरीत न्हाई."

माझी ओंजळ अजून तशीच पुढे होती. ती मी खाली घेतली. घसा खरोखर कोरडा होता, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मला तिच्या हातचं पाणी पिऊन आप्पांना सोडवायचं होतं. स्वतःलाही.

"मोटारीला पायजे ना?" तिनं विचारलं. "डबा ठिवा."

मी डबा ठेवला. तिच्या जवळच, हातात देता येईल इतक्या जवळ उभी राहिले, तर तीच म्हणाली, "सरा जरा. धार अंगावर यील." मी मागे सरले, नेमकी तेवढीच जेवढे आप्पा सरत. डबा भरला. फडकं धरून मी रेडिएटरचं झाकण हळूहळू उघडलं आणि बारीक धारेनं पाणी ओतलं. ते स्वच्छ होतं, तळाला कणसुद्धा नव्हता. पट्टा पुरता ताणून घेतला. हँडल मारल्यावर इंजिन लगेच लागलं, आणि आवाज पहिल्यासारखा एकसारखा येऊ लागला.

"आता ग्वाड वाजतीया," धोंडाबाई म्हणाली आणि घागर कडेवर घेऊन उतरू लागली.

पुन्हा येईन, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मोटार आता चिंतामणीकडे राहणार होती, आणि ती तापली नसती तर मी आज तरी इथे थांबले असते का, याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी गिअर टाकला आणि उरलेली खिंड चढू लागले.