एक माप मोठा चुडा

संगमनेरची छबूबाई कासारीण तोंडाची फटकळ होती. बांगडी चढवताना कुणी कण्हलं, तर म्हणायची, एवढं नाजूक राहायचं होतं तर राजवाड्यात जन्म घ्यायचा. तरी डोंगरातल्या बायकांना तीच लागायची. ती आज कोतूळच्या बाजारात, तर पुढं राजूरच्या. बांगड्यांच्या पेटाऱ्याबरोबर ती एका बाजारातले निरोप दुसऱ्या बाजारात पोचवायची. आपल्या पोटात निरोप राहत नाही, याचा तिला भारी तोरा होता. एका दुष्काळात तो पार उतरला.

कोतूळच्या बाजारात चांगुणा आली आणि तिच्यासमोर बसली. महादेव कोळ्यांची ही पोर, राजूरकडून इकडं डोंगरापल्याड दिलेली, पहिलटकरीण. छबूबाईनं तिच्या पोटाकडं पाहिलं आणि ओठावर आलेली थट्टा गिळली. दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या वाहता वाहता पोट पडलं होतं.

"आईला सांगू नगं, मावशी," चांगुणा म्हणाली. "नातवाच्या आशेवरच ती तिकडं खडी फोडतीया. पाऊस पडून कामं सुटली, की मी सोता जाऊन सांगंन."

छबूबाईनं गळ्याची शपथ घेतली. न घेऊन करते काय?

राजूरच्या बाजारात चांगुणाची आई राहीबाई तिची वाटच बघत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. म्हणून मायलेकी भेटायच्या त्या बाजारात. दुष्काळी कामं सुरू झाली आणि तेही तुटलं. लेकीच्या कामाला कोतूळच्या बाजाराची सुट्टी, आईच्या कामाला राजूरच्या. मधे अख्खा डोंगर, आणि जाऊन येऊन एक छबूबाई.

राहीबाईनं ओटीतला हिरडा तिच्यापुढं ओतला. डोंगरात गोळा केलेला हिरडा द्यायचा आणि बांगड्या घ्यायच्या, असा तिकडचा व्यवहार होता. चांगुणीला सातवा लागला, हिरवा चुडा दे, असं ती म्हणाली. डोक्याला तेल नव्हतं, पण चेहरा सणासारखा उजळला होता.

छबूबाईनं सांगितलं, हिरव्या संपल्या. धडधडीत खोटं. पेटारा उघडाच होता आणि वरच हिरव्यागार बांगड्या दिसत होत्या. राहीबाई हसली, दुष्काळानं डोळेबी नेले का तुझे, म्हणाली आणि स्वतःच निवडायला बसली. मायलेकींच्या हाताचं माप एकच. छबूबाईनं त्या मापाच्या काढून दिल्या, तर तिनं त्या परत सारल्या.

"एक माप मोठं दे, बाई. सातव्यात हात भरतो. घट्ट झाल्या तर पोरीला लागंल."

सांगून टाकावं, असं छबूबाईला फार वाटलं. पण खडी फोडून चिरा पडलेल्या त्या बोटांनी राहीबाई एकेक बांगडी उजेडात धरून बघत होती, तडा गेलेली बाजूला ठेवत होती. छबूबाई निवडलेल्या बांगड्या सुतळीत ओवू लागली.

राहीबाईनं बजावलं, तूच तिच्या हातात भर आणि कशा बसल्या ते मला येऊन सांग. बांगड्या भरल्यावर बाई हातातल्या चुड्याला नमस्कार करते. लेक समोर नव्हती, म्हणून तिच्या वतीनं हिनंच सुतळीत ओवलेल्या चुड्याला हात जोडले. हिरडा घेऊ नये, असं छबूबाईला वाटत होतं. पण नको म्हटलं असतं तर संशय आला असता, म्हणून तोही घेतला.

कोतूळला चांगुणानं चुडा पाहिला आणि तो आईनं पाठवलाय हे ओळखलं. तिनं हात पुढं केला. तळवा दाबून, अंगठा मुडपून, हळूच बांगडी सरकवायची, हीच तर कासारणीची कला. इथं दाबायला काही उरलंच नव्हतं. बांगड्या आपसूक मनगटावर गेल्या आणि तिनं हात उचलताच कोपरापर्यंत घरंगळल्या. छबूबाईनं घाईघाईनं लहान माप काढलं. बदलून देते, आईला कळायचं नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

चांगुणानं हात पदराआड घेतला.

"ऱ्हाऊ दे. आईनं निवडल्यात." तिनं चुड्याला नमस्कार केला, अगदी आईसारखाच. "तिला सांग, मावशी, घट्ट बसल्या."

ती डोंगराच्या वाटेला लागली. बांगड्या गळून पडू नयेत म्हणून एका हातानं दुसरं मनगट धरून ती चढत होती. दिसेनाशी होईपर्यंत छबूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पेटारा बांधला. पुढचा बाजार राजूरचा होता.