मशीन थांबेपर्यंत

"काहीतरी बोला ना, ताई. काहीही बोला. माईकला काय कळतंय तुम्ही काय बोलताय ते!"

दुकानदाराने बोटभर लांबीचा माईक तिच्या फोनवर बसवला होता आणि स्वतः कानाला हेडफोन लावून तो वाट पाहत होता. दुकान एवढंसं, पण माणूस भलताच बोलघेवडा. ती आल्यापासून त्याने काउंटरवर माईकांचा संसार मांडला होता. एक कॉलरला लावायचा, पण तो ज्याच्या अंगावर असेल त्याचाच आवाज घ्यायचा. दुसरा बिनवायरचा, त्याचीही तीच तऱ्हा. आणि हा तिसरा, करड्या केसाळ टोपीचा.

"शिवणाचे व्हिडिओ म्हणालात ना? मग डोळे मिटून हाच घ्या. तोंड जिकडे असेल तिकडचा आवाज उचलतो, बाजूची खडखड बरीच कमी करतो. थेट पाठीमागचं मात्र थोडंफार येतं हं यात. मागे बडबड करणारं कोणी बसवू नका, म्हणजे झालं."

"मशीन चालू असताना कोणी हळू बोललं, तर येईल?"

"किती हळू?"

ती माईकसमोर वाकली. जे शब्द ती नेहमी ऐकायची ते तिने त्याच आवाजात, ओठ जेमतेम हलवत म्हटले, "हात खाली घे. रडलीस तर पुन्हा पहिल्यापासून. की मुलींना बोलावू बघायला?"

दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याने हेडफोन काढला आणि उगाचच वायर गुंडाळत बसला.

"येईल," शेवटी तो म्हणाला. "स्पष्ट येईल, ताई."

तिचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. अर्धा गाव त्याच्या हाताखाली शिकला होता आणि सगळे त्याला मास्तर म्हणत. शिकणाऱ्याने गाडी खांबावर घातली तरी मास्तरांचा आवाज चढत नसे. "हळू. घाबरायचं नाही," एवढंच म्हणत. असा शांत नवरा मिळायला भाग्य लागतं, असं शेजारच्या बायका तिला सांगायच्या. भाग्यच म्हणायचं! ते तिच्या पाठीवर हिरवं-निळं उमटलेलं होतं, फक्त ब्लाउजच्या आत असल्यामुळे कोणाच्या नजरेला पडत नव्हतं.

तो घरी मारायचाही त्याच आवाजात. दाराची कडी लावून तो मेजावरची लाकडी मोजपट्टी उचले, आणि ती मशीनच्या सुईखाली एखादी चिंधी सरकवून पायडल हलवायला लागे. जुनं पायमशीन, त्याची खडखड पार रस्त्यापर्यंत जायची. आतल्या खोलीत दोघी मुली अभ्यासाला बसलेल्या असत. त्यांना वाटावं, आई शिवतेय. ती चिंधीत तोंड खुपसून मार खायची, पण पाय थांबू द्यायची नाही. त्या घरात तिने बाकी सगळं गमावलं होतं, एवढं एक मात्र राखलं होतं. मुलींना काही कळलेलं नाही, या एका गोष्टीचा तिला अभिमान होता.

नवऱ्यापासून सुटायचं म्हणून ती एका वकीलबाईंकडे गेली होती आणि माईक घेण्याआधी त्यांना तिने एक व्हिडिओ दाखवला होता. ती शिवणाचे धडे फोनवर टाकायची, त्यामुळे मशीनसमोर स्टँडवर फोन असणं घरात नवं नव्हतं. पण त्यात दिसत होतं ते मशीन, तिचे हात आणि एका पुरुषाचा कमरेचा पट्टा.

"हे पोट कोणाचंही असू शकतं," वकीलबाई म्हणाल्या. "चेहरा दिसत नाही. फोन जरा वर करून ठेवा की."

"लगेच ओळखेल तो."

"मग आवाज तरी हवा. मुली मिळू देणार नाही म्हणतो ना? ते त्याच्या तोंडून यायला हवं. इथे नुसती खडखड ऐकू येतेय. त्या वेळी मशीन बंद ठेवा."

"मशीन बंद नाही ठेवणार."

"अहो, का पण?"

"मुली ऐकतील."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "मग चांगला माईक घ्या, बाई."

नव्या माईकचं तोंड तिने मशीनपुढच्या आपल्या खुर्चीकडे केलं. स्टँड आतल्या खोलीच्या पातळ दाराला टेकवून ठेवला. मुली शाळेतून येऊन, जेवून आधीच आत गेलेल्या होत्या. तिने व्हिडिओ सुरू केला, कॉलर कापायला घेतली, आणि मास्तर घरी आले.

"हे काय नवीन?"

"माईक. बायका म्हणतात, ताईंचा आवाज नीट येत नाही."

"छान," म्हणत त्याने कडी लावली. "तुझ्या बहिणीचा फोन आला होता. मुलींना घेऊन चार दिवस तिकडे चाललीस म्हणे."

तिने चिंधी सरकवली आणि पाय चालू केला. पहिली पट्टी मानेखाली बसली, दुसरी तिथेच. तिसरीला कातडी फुटली आणि ब्लाउज पाठीला चिकटला. तो मध्ये थांबून श्वास घेई, पट्टी पुसे आणि पुन्हा सुरू करी. घाई म्हणून कसली नव्हती.

"तू एकटी जा," तो म्हणाला. "मुलींना नेलंस तर तिघींना गाडीत बसवीन आणि पुलावरून गाडी खाली घालीन. मला गाडी चालवता येते. ब्रेक कुठे लावायचा नाही, तेही येतं."

तिच्या मनात एकच होतं, आलं का हे माईकमध्ये?

तिचं लक्ष फोनकडे गेलेलं त्याला दिसलं असावं, किंवा नसावंही. त्याला कारण लागायचंच असं नाही. त्याने तिचा डावा हात धरून बोट सुईखाली दाबलं. "हळू. घाबरायचं नाही," असं म्हणत त्याने स्वतःच्या हाताने चाक फिरवलं. सुई नखातून आरपार गेली आणि खालच्या पत्र्यावर आपटून मोडली. तिने चिंधी दातांत धरली. मशीन थांबलं. त्याने कापलेल्या कॉलरला हात पुसले, पाणी प्यायला आणि पुढच्या शिकवणीला गेला.

दुसऱ्या दिवशी मुलींना शाळेत सोडून ती थेट वकीलबाईंकडे गेली. बाईंनी हेडफोन लावून सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"शब्द न् शब्द आलाय," त्या म्हणाल्या. "आता तो सुटत नाही." मग जरा घुटमळल्या. "मागे कोणी होतं का हो?"

त्यांनी हेडफोन तिच्या कानांना लावला. समोरून त्याचा तो मऊ आवाज, खाली मशीनची दबलेली खडखड. आणि पाठीमागून, दाराच्या फटीतून आलेला थोरलीचा बारीक आवाज.

"उशी घट्ट दाब. मशीन चालू आहे तोवर काढायची नाही."

"आज लवकर थांबेल?" ही धाकटी.

"माहीत नाही. पट्टी घेतली असेल तर वेळ लागतो."

मग खडखड बंद पडली.

"थांबलं. काढ उशी. आणि आई आत आली की हसायचं, विसरू नकोस. तिला वाटतं, आपल्याला माहीत नाही."

सुई आरपार गेली तेव्हा न रडलेली ती बाई वकिलाच्या टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

"मागचं काढून टाकता येतं," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. कोणीतरी ऐकायलाच हवं ते."

मास्तरांना पोलीस घेऊन गेले. मुलींना घेऊन ती बहिणीकडे राहायला आली, आणि काही दिवसांनी बहिणीच्या नवऱ्याने मशीनही उचलून आणलं. धाकटीचा फ्रॉक आखूड झाला होता. बोटाची पट्टी सांभाळत तिने नव्या फ्रॉकचं कापड लावलं आणि पायडल हलवलं.

धाकटी जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. मान वरही न करता तिने बाजूची उशी ओढली आणि कानांवर दाबून धरली.

आईचा पाय जागीच थांबला. धाकटीने उशी बाजूला ठेवली, आईकडे पाहिलं आणि शिकवल्यासारखी हसली.

त्यानंतर आईने पायडलला पाय लावला नाही. उजव्या हाताने चाक फिरवत, एकेक टाका घालत, तिने अख्खा फ्रॉक आवाज न करता शिवला.