माहा खांदा, भासऱ्याचं तोंड

तुरीच्या पोत्यावर चढून फळीवरचा डबा काढाले गेली अन् पाय सरकून उजव्या हातावर पडली. उठली तशी हात वर जाईना.

भासरे खुशालराव, म्हंजे माह्या मालकाचे मोठे भाऊ, दारातूनच म्हणले, "वात हाय." मालक गेल्यापासून घरात तेच ठरवतात. आमच्या साऱ्या वलगाव गावाले माही जीभ ठाऊक हाय, पण भासऱ्यासमोर बाईनं पदर घेऊन गुमान बसायचं, हे आमच्याकडं अजून चालते.

त्यायनं श्रावण मालिशवाला आणला. बोटं तंबाखूच्या खर्ऱ्यानं माखलेले, नखात काळं, अन् तेलाले मेल्या उंदराचा वास. ओढूओढू हाताचं भरीत केलं मेल्यानं. मी बोंबलली का भासरे म्हणत, "दुखते म्हंजे लागू पडून राहिलं."

शेवटी सून प्राजक्तानं हट्ट धरला, तवा भासरे मले अमरावतीले, राजापेठेतल्या हाडाच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेले. पहिले तेच खुर्चीत बसले.

"काय होते, आजी?"

"वात हाय," भासरे म्हणले. "खांदा जाम झाला."

बाईनं माहा हात धरून उचलला. कळ आली, पण कानापर्यंत गेला.

"जाम असता तर माझ्यानंही गेला नसता. आता तुम्ही धरून ठेवा."

तिनं सोडला अन् हात धपकन पडला, कापल्या कोंबडीच्या मानेवाणी. मले माहीच किळस आली.

"रोटेटर कफ फाटलेला वाटतो. खांदा उचलणारी दोरी असते ती. तुम्ही पडल्या होत्या का? ताजं असेल तर शिवता येते. फार जुनं असेल तर दोरी आखडून जाते, मग शिवून उपयोग नाही."

"पडली-बिडली नाई," भासरे मधीच म्हणले. "कित्येक सालापासून दुखते तिचं."

आपला वात खरा कराले!

बाई गोळ्या अन् व्यायाम लिहू लागल्या.

"खोटं बोलून राहिले हे," मी म्हणलं. "महिनाच झाला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी पडली मी. त्याच्या पहिले याच हातानं पाट्यावर मिरच्या वाटत होती."

भासरे लाल झाले. "दुर्गा! माह्यासमोर?"

"हात माहा हाय. तुमी बाहीर बसा, भाऊजी."

गेले. बाईनं चिठ्ठी फाडून एमआरआय लिहिला. फाटलं ताजंच निघालं, अन् खांदा शिवला.

आता पट्ट्यात हात घालून घरी बसली हाय. ओट्यावर भासरे लोकायले सांगून राहिले, "दोरी तुटली, हे म्या पाहताच ओळखलं. म्हणून तं वेळेवर नेलं."

आयकूनआयकून माह्या तोंडात थुका जमून राहिला.