एक दिवस उशिराचा देश

नाताळच्या आदल्या दिवशी परिपाठात कोणीतरी एका विद्यार्थ्याने सरत्या वर्षातल्या देशाच्या घडामोडी वाचायच्या, अशी कोरीटच्या शाळेची रीत. दरवर्षी वाचायचा नवनीत. यंदा भूपेंद्र सरांनी नववीच्या रोहिणीचं नाव घेतलं आणि रोहिणीचे पाय जमिनीवर ठरेनात! गेल्या वर्षी हजेरी देताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत जात नव्हता, ती आता अख्ख्या शाळेपुढे वाचणार होती.

हा आवाज तिच्या आजोबांची कमाई. हिलाल आबांना गेल्या हिवाळ्यात दिसेनासं झालं. तेव्हापासून पहिल्या एसटीने पेपर आला की मिरची वाळवायच्या पथारीवर रोहिणीने वाचायचं, आणि देठ खुडणाऱ्या बायांनीही ऐकायचं.

"जोरमा वाच, पोरी. धनुबाईले ऐकू नही येत," आबा म्हणायचे.

"मन्हा कान चांगला शेतस, आबा! तुम्हलेच दोनदा सांगनं पडस," त्या बायांतली धनुबाई फणकारायची. फेब्रुवारीतला अर्थसंकल्प तर मिरचीच्या खकाण्यात अकरा शिंका देऊन वाचला होता.

तेच सगळं आठवून रोहिणीने एका बैठकीत वर्ष लिहून काढलं. वाचायच्या आदल्या दिवशी वही सरांपुढे ठेवली, तर नवनीत डोकावला.

"३० जूनला विश्वचषक? ए शहाणे, मॅच शनिवारी होती, २९ ला! मग आम्ही काय आदल्या दिवशीच फटाके फोडले?"

सरांनी चष्मा चढवला. लोकसभेचा निकाल ५ जून? तो ४ ला. मराठीला अभिजात दर्जा ४ ऑक्टोबर? तो ३ ला.

"अगं, सगळा देशच एक दिवस पुढे ढकललास! उद्यापर्यंत दुरुस्त कर, नाहीतर नवनीत वाचेल."

घरी येताना तिला उलगडलं. घरात मोबाईल होता, पण आबांना त्यावरची बातमी चालायची नाही. "छापी येवू दे, मंग खरं," म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या घरी देशात जे व्हायचं ते दुसऱ्या दिवशी, एसटी आल्यावरच.

ती तारखा खोडत गेली. शेवटची होती २४ नोव्हेंबर, विधानसभेचा निकाल. तिथे तिचा हात अडला. २३ ला आबा खाटेवर होते, विचारत होते, "काय निकाल लागना वं?"

"मोबाईलवर आलाय, आबा. सांगू?"

"नको. सकाळले वाचजो."

सकाळी एसटी यायच्या आधीच आबा गेले. त्या दिवशीचा पेपर कोणी उघडलाच नव्हता. रोहिणीने तो कपाटावरून काढला आणि वहीत ठेवला.

परिपाठात तारखा बिनचूक आल्या. नोव्हेंबरशी ती थांबली.

"विसरली, विसरली," नवनीत कुजबुजला.

"तेवीस नोव्हेंबर," रोहिणी म्हणाली. तिने पेपर उघडला आणि निकालाची बातमी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. एवढी लांब बातमी वहीत नव्हती. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, एकेका जागेचे आकडे ती खणखणीत, सावकाश सांगत गेली, आबांना सांगावं लागायचं तसं दोनदा. पहिल्या तासाच्या घंटेची वेळ झाली. सरांनी शिपायाला हातानेच थांबवलं.