चार बँकांचा तक्ता

भिंगावर वाढणारी बुरशी कडेने सुरू होते. तिचा एक तंतू केसाच्या विसाव्या भागाइतका बारीक असतो, आणि तो मधोमध पोचेपर्यंत बघणाऱ्याला काही कळत नाही. नुसतं वाटतं की आज डोळे जरा थकलेत. भिंगताई भिंग उजेडात तिरकं धरून असे तंतू शोधायची. मग काडीला गुंडाळलेल्या कापसावर औषधाचा एक थेंब घेऊन मधून बाहेर, गोल गोल फिरवत पुसायची. घाई केली की काचेवरचा लेप जातो. प्रयोगशाळेतल्या अकरा वर्षांच्या नोकरीत तिने हे शिकून घेतलं होतं. नोकरी गेली, पण हात राहिला.

"झालं का?" दारातून वहिनीने विचारलं. "की बँकेलाही आधी औषध लावून पुसून घ्यायचंय?"

"दोनच मिनिटं, वहिनी."

"तुझी दोन मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. नऊ महिने चाललीत ती."

यात खोटं काही नव्हतं. शाळा-कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक दुरुस्त करण्याचा भिंगताईचा व्यवसाय सहा वर्षांचा झाला होता, तरी त्याच्या नावाने बँकेत खातं नव्हतं. पहिल्या गिऱ्हाइकाने फोनवर खाते क्रमांक विचारला, तेव्हा तिचं पगाराचं खातं नोकरीबरोबरच बंद झालेलं. ती गडबडून गेली. शेजारी भाजी चिरत बसलेल्या वहिनीने फोन हातातून घेतला आणि स्वतःचा क्रमांक पाढा म्हणावा तसा म्हणून दाखवला. तेव्हापासून व्यवसायाचे पैसे वहिनीच्या बचत खात्यात यायचे आणि शनिवारी भिंगताईच्या हातात पडायचे. एकही शनिवार चुकला नव्हता. हे असं फार दिवस चालायचं नाही, असं हिशेबनिसाने बजावलं, त्याला आता नऊ महिने झाले होते.

त्या नऊ महिन्यांत भिंगताईने एक तक्ता केला होता. उभ्या रकान्यात चार बँका, आडवे अकरा मुद्दे. किमान शिल्लक किती, चेक किती दिवसांत वटतो, घरापासून किती पावलं. फोन कितव्या घंटीला उचलतात, हेसुद्धा. त्यासाठी तिने प्रत्येक बँकेला वेगवेगळ्या वेळी तीन-तीनदा फोन करून सरासरी काढली होती. वहिनीने तक्ता बघितला आणि खाली पेन्सिलीने आपला एक मुद्दा वाढवला: मान वर करून बघतात का? त्यासाठी ती चारही बँकांत स्वतः जाऊन आली. "एकीत पाणी विचारलं," तिने येऊन सांगितलं, "आणि एकीत साहेबांनी मलाच विचारलं, काय काम काढलंत, पण कॉम्प्युटरकडे बघून. मला वाटलं त्यालाच विचारतायत."

तक्ता केव्हाच पुरा झाला होता. अडलं होतं ते तक्त्यात नसलेल्या एका प्रश्नापाशी, आणि ते भिंगताईने कुणाला सांगितलं नव्हतं. चारही बँकांत अर्ज घेताना पहिलाच प्रश्न होता: व्यवसाय एकटीचा की भागीदारीचा? एकटीचा म्हटलं तर दोन दिवसांत खातं. भागीदारीचा म्हटलं तर करारनामा, त्याची नोंदणी, दहा-बारा दिवस. एकटीचा लिहायला तिचा हात धजत नव्हता आणि भागीदारी म्हणायला जीभ. एकदा तिने विषय काढून बघितला होता. "मी काय करते?" वहिनी हसली होती. "फोन तर उचलते." पुढे बोलावं तर उपकार मोजून परत केल्यासारखं वाटलं असतं. म्हणून ती पुन्हा तक्त्याकडे वळली होती.

आता मात्र विद्यापीठाने बेचाळीस सूक्ष्मदर्शकांची तीन वर्षांची देखभाल देऊ केली होती. पैसे व्यवसायाच्या नावाच्या खात्यातच जमा होणार, आणि खाते क्रमांक सोमवारपर्यंत हवा होता. आज गुरुवार होता, दोन तारीख.

दोघी पाणी विचारणाऱ्या बँकेत गेल्या. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी खरोखरच मान वर करून बघितलं. वहिनीने भिंगताईला कोपराने हळूच ढोसलं.

"व्यवसाय सुरू असल्याचा काही पुरावा आणलाय?"

वहिनीने पिशवीतून जाडजूड फाइल काढली. सहा वर्षांची बिलं, पोचपावत्या, गिऱ्हाइकांची पत्रं, सगळं तारखेनुसार लावलेलं. अधिकारी बाई पानं उलटत गेल्या.

"अक्षर सुरेख आहे. तुमचं?"

"यांचं," भिंगताई म्हणाली.

"म्हणजे व्यवसाय यांचा?"

"छे हो," वहिनी म्हणाली. "मालकीण ही. मी आपली सोबतीला."

पानं उलटता उलटता बाई थांबल्या. "हे बिल नाही. शाळेला पाठवलेल्या पत्राची प्रत दिसतेय."

"ते राहू द्या, जुनं आहे," म्हणत वहिनीने हात पुढे केला. पण कागद भिंगताईच्या बाजूला होता आणि तारीख तिने वाचली होती.

दुसऱ्या वर्षातली ती तारीख ती विसरली नव्हती. त्या दिवशी तिने घाई केली होती. शाळेच्या सगळ्यांत महागड्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग तिच्या चिमट्यात तडकलं होतं आणि ती तासभर कोठीच्या खोलीत दार लावून बसली होती. बाहेर आली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली होती, "बोलले मी शाळेशी. महिन्याची मुदत दिलीय त्यांनी." त्यानंतर त्या शाळेने एकही यंत्र दुसरीकडे पाठवलं नव्हतं. शाळा मोठ्या मनाची, असंच भिंगताई आजवर समजत आली होती.

पत्रात तीन ओळी होत्या. *सूक्ष्मदर्शक पुसून ठेवताना भिंग माझ्या हातून पडून फुटले. दुरुस्ती करणाऱ्या ताईंचा यात काही दोष नाही. नवीन भिंग बसवून देऊ.* खाली वहिनीची सही.

भिंगताईने ते दोनदा वाचलं.

"वहिनी, हे तुम्ही..."

"मग काय लिहायचं होतं? तुझ्या हाताचं नाव गेलं असतं तर काम कोण देणार होतं?" वहिनी फाइलच्या दोऱ्या सारख्या करत राहिली. "माझ्या हाताला कोण विचारतं? महिन्याला दोन कपबशा फोडतेच मी. तुझ्या दादाला विचार."

"मला सांगितलं का नाही?"

"तू पुन्हा कोठीत जाऊन बसली असतीस."

अधिकारी बाई हसू दाबत अर्ज शोधू लागल्या. भिंगताईने पत्र पुन्हा फाइलमध्ये, त्याच्या तारखेच्या जागी लावलं. तिने पिशवीतला फोन काढला आणि विद्यापीठाचा नंबर लावला.

"अगं, आता त्यांना कशाला?" वहिनी कुजबुजली. "क्रमांक हातात तर येऊ दे."

पलीकडे प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. भिंगताईने सरळ विचारलं, क्रमांक सोमवारऐवजी पंधरा तारखेला दिला तर चालेल का. पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं: पंधरापर्यंत त्या थांबवून धरतील, सोळाला मात्र काम दुसऱ्यांना द्यावं लागेल, त्यांचाही नाइलाज आहे.

"चालेल," भिंगताई म्हणाली. "फार आभारी आहे."

तिने फोन ठेवला, तोवर वहिनीच्या कपाळावर आठी उमटली होती. "पंधरा कशाला? दोन दिवसांत होतं ना खातं? आलेलं काम हातचं घालवशील. बेचाळीस आहेत, बेचाळीस."

"मोजलेत मी."

"ते तू मोजणारच. पण उशीर कशासाठी, ते तरी सांग."

अधिकारी बाईंनी एकट्या मालकाचा अर्ज पुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढलं. "एकटीच्याच मालकीचं लिहू ना?"

भिंगताईने अर्ज हाताने बाजूला केला. तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता, शेजारच्या टेबलावरच्यांनीही वर बघितलं.

"भागीदारीचं," ती म्हणाली. "माझं आणि माझ्या वहिनींचं. निम्मं निम्मं."