उसनं तोरण

"कुणी विणलं गं हे?" असं तुम्ही विचारता? तुम्ही?

अध्यक्षसाहेब, गळ्यातला हार अजून तसाच आहे, फीत कापायची कात्री अजून हातात आहे, आणि माझी एक कडी दोन बोटांत धरून तुम्ही ह्या पोरीला हे विचारता? तुम्ही चोर आहात. पैसा चोरला नाही, धान्य चोरलं नाही. एका पोरीच्या हातचं काम चोरलंत. तेही भर मांडवात, चार माणसांची शाबासकी घेऊन.

पोरगी पेन उघडून उभी आहे. माझ्याखाली कागदाचा तुकडा चिकटवलाय, त्यावर 'विणणारीचे नाव' लिहिलंय आणि पुढं कोरं आहे. आठवा सावकाश. तोवर मी ह्या मुलांशी बोलतो.

मित्रांनो, मी एक जुनं तोरण आहे. क्रोशाच्या सुईनं विणलेलं. आज तुमच्या शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात, सातवीच्या वर्गात, फळ्याच्या वर दोन खिळ्यांना टांगलंय मला. माझ्यावर पाच राघू आहेत. एकाला उंदरानं खाल्लंय, म्हणून चारच दिसतात. हसू नका. मी नवा होतो तेव्हा मला बघायला बाया दुसऱ्या आळीतून यायच्या.

माझा जन्म १९८१ सालचा, घनसावंगीच्या पलीकडच्या एका गावातला. तिथं रामराव आणि सोनूबाईची नंदा नावाची पोरगी होती. शाळा सुटलेली, पंधरा वर्षांची. त्यांच्या शेजारच्या खोलीत तलाठ्याची बायको भाड्यानं राहायला आली. जालन्याची. शरयूबाई तिचं नाव. दुपारी ओट्यावर बसून ती विणायची आणि नंदा नुसती बघत बसायची. एक दिवस शरयूबाईनं सुई तिच्या हातात दिली. साखळी शिकवली, खांब शिकवला, जाळी शिकवली. "दोरा ओढू नकोस, नंदा," म्हणायची, "त्याला येऊ दे." नंदानं तेवढं ऐकलं आणि तिचा हात बसला.

पांढरी जाळी, हिरवे राघू. चौथ्या राघूला दोरा संपला. रामराव बाजाराला जालन्याला गेला तेव्हा मस्तगडच्या दुकानातून नवा दोरा आणला, तो जरा गडद निघाला. म्हणून माझा पाचवा राघू काळपट हिरवा आहे. नंदाला वाईट वाटलं, ती उसवायला निघाली. शरयूबाई म्हणाली, "राहू दे. तुझ्या हातची खूण आहे ती."

खाली झालरीला कड्या हव्या होत्या. विकतच्या कड्या आणणार कोण? नंदानं फडताळातून आपल्या लहानपणीच्या बांगड्या काढल्या, जत्रेतल्या, प्लास्टिकच्या, लाल. एकेक बांगडी दोऱ्यानं मढवली. वरून बघणाऱ्याला पांढरी कडी दिसते. आत पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या मनगटाची बांगडी आहे, हे करणारीलाच ठाऊक. मग मला साबुदाण्याची खळ देऊन, ताणून, उन्हात वाळवलं आणि पाडव्याला दारावर बांधलं.

आता तुमच्यावर येतो, साहेब.

ह्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तुम्ही पुढं झालात; तेव्हा नंदाच्या गावात तुम्हाला सगळे मालक म्हणायचे. रामरावाच्या वावराला पाणी तुमच्या विहिरीचं. तुमच्या चंद्रकलाचं लग्न ठरलं आणि तुमची बायको उषाबाई सोनूबाईच्या दारात आली. मित्रांनो, रुखवत तुम्हाला ठाऊक आहे. नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू लग्नात मांडतात, आणि नवऱ्याकडच्या बाया त्या उलट्यापालट्या करून बघतात.

"सोनूबाई, तेवढं तोरण द्या बरं चार दिवस," उषाबाई म्हणाली. "आमच्या पोरीला सुई धरता येत न्हाई, अन् पाव्हण्यांना हातचं काम पायजे."

"अन् कुणी केलं म्हून इचारलं तर?"

"चंद्रकलानं केलं म्हणायचं. रुखवत हाय ते माय, कोर्ट हाय का?"

दोघी हसल्या. नंदा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आई, देऊ नको."

"आपलं वावर कुणाचं पाणी पिऊन राह्यलंय?" सोनूबाई म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिनं मला सोडलं.

लग्नात रुखवत बघताना चंद्रकलाच्या सासूनं मला हातात घेतलं, कड्या मोजल्यागत एकेक चाचपली, पाचव्या राघूवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो येगळ्या रंगाचा मुद्दाम घेतला व्हय गं? लई हुशार पोरगी हाय." चंद्रकलानं मान खाली घातली. बायांना ती लाज वाटली. नंदा तिथंच पाहुण्यांना पाणी देत होती. तांब्या भरला, पुढं गेली.

उषाबाईनं विहिणीला सांगितलं, तेवढं तोरण पोरीची आठवण म्हणून आमच्या दाराला राहू द्या. आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून सोनूबाईला परत आणून दिलं. बाई वाईट नव्हती. परत तरी केलं.

पुढं दोन वर्षांनी नंदाचं लग्न ठरलं. जुळवलं तुम्हीच. मुलगा मच्छिंद्र, चंद्रकलाच्या सासूचा सख्खा भाचा. म्हणजे ती बाई लग्नाला मुलाची आत्या म्हणून येणार. सोनूबाईनं माझी घडी घातली. ती म्हणाली, "तोरण पेटीत ऱ्हाऊ दे, नंदे. रुमाल मांडू, रेडिओचं कव्हर मांडू."

नंदा म्हणाली, "माझं हाय ते. मी मांडणार."

आयुष्यात तिनं एवढं एकच मागितलं, मित्रांनो. आपण केलेली वस्तू आपली म्हणून मांडायची.

मांडली. आत्याबाई आली, बघितलं, आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बया! हे तर आमच्या चंद्रकलानं विणलेलं तोरण! ह्यो बघा काळा राघू! हे हितं कसं आलं?"

वाजंत्री थांबली नव्हती, पण बाया थांबल्या. उषाबाईनं तोंडाला पदर लावला. सोनूबाई पुढं झाली. "माझ्या पोरीनं केलंय ते! कडीचा दोरा उसवून बघा, आत तिच्या लहानपणच्या बांगड्या हाईत!"

"वा! म्हंजी आमची सून खोटी का?" आत्याबाई म्हणाली.

मग सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. कारण तुमचा शब्द म्हणजे शब्द.

तुम्ही फेटा सारखा केलात. हे मला स्वच्छ आठवतं. खरं बोललात तर चंद्रकला खोटी पडत होती, हे मला समजतं. बापाचा जीव आहे. पण मग गप्प राहायचं होतं. "कुणाचं का असंना, आवरा" म्हणायचं होतं. तुम्ही काय म्हणालात?

"आम्हीच दिलंय. उसनं. पोरीचं रुखवत भरलेलं दिसावं म्हून दिलं. लेकरू हाय, तिला कशाला बोलता?"

सोनूबाई म्हणाली, "उसवून तर बघा."

"सोनूबाई, लग्नघरात उसवाउसवी करत न्हाईत," तुम्ही म्हणालात. आणि रामरावानं बायकोचा दंड धरला. "गप. बिलकुल गप."

एवढ्यावर थांबायचं होतं. तुम्ही अजून बोललात. "आता माघारी नका देऊ. ठेवा म्हणावं पोरीला. आमच्याकडून आहेर समजा."

तिचंच तिला आहेर केलंत! म्हातारे माना हलवून म्हणाले, मालकाचं मन केवढं मोठं. आत्याबाईसुद्धा निवळली. नंदा मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. रडली नाही. त्यानंतर तिच्या तोंडावर जे आलं ते आजतागायत गेलेलं नाही. त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. विझलेल्या चुलीकडं बघावं तसं वाटतं.

सासर वाईट नव्हतं, हेही सांगतो. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. थट्टेत जावा म्हणायच्या, "उसन्या तोरणवाली आली बघा." मच्छिंद्र साधा माणूस. त्यानं नवा रेडिओ आणला आणि म्हणाला, "एक कव्हर विण की."

"मला येत न्हाई," नंदा म्हणाली.

तिची सुई पायजम्यात नाडी ओवायला लागली. मी पेटीत गेलो. मधे पोळ्याला कुणीतरी मला काढून बैलाच्या कपाळाला बांधलं. गुलाल लागला, तो निघाला नाही. नंदानं मला धुतलं, वाळवलं, घडी घातली, पुन्हा पेटीत. खळ दिली नाही. मला काही वाटलं नाही. दोऱ्याला काय वाटायचं?

तिला मुलगी झाली. घरच्यांनी दुसरं नाव ठरवलं होतं. नंदा म्हणाली, शरयू ठेवा. का, ते कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

तीच ही शरयू, तुमच्यासमोर पेन घेऊन उभी आहे. बाईंनी घरची हस्तकला आणा म्हटलं म्हणून हिनं पेटी उचकली आणि मी सापडलो.

"आई, कसलं भारी हाय गं! कुणी केलं?"

नंदा भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "उसनं हाय ते."

"कुणाचं?"

"हाय एकाचं."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. तुम्ही मांडवात सांगितलेलं खोटं, साहेब, आता ती स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या लेकीला सांगते. तेही भाकरी करपू न देता.

तुमच्या मोठ्या माणसांच्या भाषणात येईल, जुन्या वस्तू जपा. जपा की. उंदरापासून जपा, ओलीपासून जपा. पण मित्रांनो, घरात एखादा रुमाल, एखादी गोधडी, एखादा मण्यांचा गणपती दिसला तर आधी करणारीचं नाव विचारा. ती जिवंत असली तर तिच्या तोंडावर घ्या, सगळ्यांदेखत घ्या. धूळ पुसता येते. नाव पुसलं की माझ्यासारखं होतं, दारात असून कुणाचंच नाही.

झालं, साहेब. आता तुमच्याकडं.

तुमची चंद्रकला आता नातवंडांत रमलीय. तिची सासू वारली. आता खरं बोलून कुणाचा संसार मोडत नाही. रामरावाचं वावर पाटाच्या पाण्यावर आहे. आता कुणाला तुमच्या विहिरीची भीती नाही.

तुमच्या बोटांत जी कडी आहे तिचा दोरा झिजलाय. बघा नीट, चष्मा लावा. आत लाल दिसतंय. बांगडी आहे ती. तुमचं बोट त्याच्यावरच आहे, आणि ते तुम्ही काढत नाही, हे मला कळतंय. म्हणजे तुम्ही ओळखलंय.

मागं वळून बघा. वर्गाच्या दारात, चपला बाहेर काढून, बायांच्या घोळक्यात एक बाई उभी आहे. ती वर बघणार नाही. पण तिनं तुमचा प्रश्न ऐकलाय.

आणि शरयू अजून थांबलीय. "सांगा ना आजोबा," म्हणतेय, "तुम्हाला ठाऊक हाय का? मी लिहिते."

फेटा सारखा करू नका. सांगा तिला.

कुणी विणलं मला?