बाबांच्या बाहीची डिस्क

ताई पाचव्यांदा तीच तक्रार घेऊन आली तेव्हा मी दारातच सांगून टाकलं, तुझं नवं मशीनही भंगारात घाल. ती चपला काढायच्या आत बोललो, कारण एकदा आत येऊन बसली की ती लवकर उठत नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला काढल्या, आत आली आणि पिशवीतून डिस्क काढून टेबलावर आपटली. सीडी लागत नाही, म्हणाली. ती सगळ्याला सीडीच म्हणते. ही डीव्हीडी आहे, सीडी वेगळी, हे मी तिला चार वेळा सांगितलंय. मी सुईला टाचणी म्हटलं असतं तर तिने मला आपल्या शिवणाच्या दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं.

डिस्कवर काय आहे ते आधी सांगतो. बाबा जायच्या तीन वर्षं आधी मी व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. एका रविवारी मी तो घेऊन त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात गेलो आणि त्यांनी एक कोट पहिल्या खडूपासून शेवटच्या इस्त्रीपर्यंत शिवला, ते टेपवर घेतलं. दीड तासाची टेप. मधली कंटाळवाणी आणि दुसऱ्यांदा तीच येणारी कामं गाळली.

बाबांचा कोट ओळखू यायचा तो बाहीवरून. खांद्याला एक चुणी नाही, हात वर केला तरी कोट अंगावरून उचलला जायचा नाही. दुसऱ्या दुकानातले शिंपी रस्त्यात लोकांना थांबवून त्यांचा खांदा चाचपून बघायचे. बाही मुंढ्यात, म्हणजे कोटाच्या खांद्याच्या भोकात, कशी बसवायची हे बाबांनी कुणालाही दाखवलं नाही. ती वेळ आली की भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि ताईला बटणं आणायला पिटाळायचे. ताई बावीस वर्षं त्यांच्या शेजारी बसली. कॉलर शिकली, खिसे शिकली, अस्तर शिकली. बाहीच्या वेळी मात्र बटणंच आणत राहिली. मग एका सकाळी बाबा दुकानातच कोसळले, वाचा गेली आणि दीड महिन्यात तेही गेले.

आता दुकान ताई चालवते. तिचा कोट चांगला असतो, पण बाहीला झोळ पडतो. जुनी गिऱ्हाइकं कोट घालून आरशात खांदा बघतात, दोनदा हात वरखाली करतात आणि हळूच म्हणतात, ती बाही काही आता व्हायची नाही. या थंडीत चार कोट परत आले. एक हेडमास्तर तर कापड दिलेलं परत घेऊन तयार कपड्यांच्या दुकानात गेले. असंच चाललं तर दुकानात पडद्यांना दुमड घालायची वेळ येईल, हे ती स्वतःच म्हणाली. तेव्हा तिला माझ्या टेपची आठवण झाली; त्या रविवारी बाबा भिंतीकडे वळले नव्हते, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. एकदा बाबांचे हात बघू दे, बाकी मी बघून घेईन, असं तिचं म्हणणं होतं.

कॅमेऱ्याची टेप तिच्या घरी चालणार नव्हती. माझ्याकडे टीव्हीखाली ठेवायचा रेकॉर्डर आहे, त्यात टेपवरून डिस्क करता येते. मी केली आणि दिली. पहिल्यांदा ती तिच्याकडे लागली नाही, त्यात माझी काही लबाडी नव्हती. हे मी शपथेवर सांगतो. डिस्क विकणारा दुकानदार म्हणाला, एक प्लसवाली असते, एक मायनसवाली, जुनी मशीनं एकच काहीतरी खातात. मी दुसऱ्या प्रकारची आणून पुन्हा केली. तीही लागली नाही. मग मी रेकॉर्डरबरोबर आलेलं पुस्तक काढून बसलो आणि एकेचाळिसाव्या पानावर मला ते सापडलं. डिस्क लिहून झाली की शेवटी एक बटण दाबून ती बंद करायची असते. बंद केली नाही तर ज्या मशीनवर लिहिली त्या मशीनखेरीज ती कुठेच चालत नाही.

तीन मिनिटांचं काम होतं. मी पुस्तक मिटलं आणि मूग गिळून बसलो.

यात लपवण्यासारखं काही नाही, मला राग होता. सोळाव्या वर्षी बाबांनी मला दुकानातून काढलं. एका गिऱ्हाइकाचं कापड मी उलट्या बाजूने कापलं, एवढंच झालं होतं. कात्री हातातून काढून घेतली आणि म्हणाले, तू दुसरं काहीतरी बघ. मी दुसरं बघितलं. आता घरोघरी जाऊन विजेची मीटरं वाचतो. त्यानंतर बाबा माझ्याशी जे काही बोलले ते मीटर वाचायला आलेल्या माणसाशी बोलावं तसं. आलास, बस, निघालास. फक्त त्या रविवारी ते माझ्याशी बोलले. माझ्या हातात कात्री नव्हती, कॅमेरा होता, म्हणून असेल. ज्यांच्याकडे शिवण शिकले त्या उस्तादांच्या गमती सांगितल्या, मला हसवलं, स्वतः हसले. माझ्या वाट्याला आलेले बाबा म्हणजे तो दीड तास. ताईकडे बावीस वर्षं आहेत, दुकान आहे, त्यांची कात्री आहे, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं त्यांचं अंगुस्तान आहे. आणि वर हा दीड तासही तिला पाहिजे. तिच्या दुकानातल्या दोन शिवणाऱ्या बायका जेवता जेवता तो पुढेमागे करून बघणार. पडू देत झोळ, असं मला वाटलं. अगदी स्पष्ट शब्दांत वाटलं.

म्हणून मी तिला आणखी डिस्का करून दिल्या. एक जांभळ्या पोटाची, एक सोनेरी, एक अगदी सावकाश लिहिलेली. प्रत्येकीवर मार्करने नंबर घातला. बंद एकही केली नाही. ताई त्या घेऊन गावभर हिंडली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या मशीनने डिस्क बाहेर थुंकली. दातांच्या डॉक्टरकडे बसायच्या खोलीत टीव्ही असतो, तिथे तिने कंपाउंडरच्या मागे लागून लावून बघितली, तर पडद्यावर नुसतं 'डिस्क नाही' असं आलं आणि ठणकणारे गाल धरून बसलेली माणसं तिच्यावर वैतागली. शेवटी तिने नवंकोरं मशीन घेतलं. ते अर्धा तास घरघरलं आणि गप्प झालं. दर वेळी ती येऊन मला बोल लावायची आणि मी तिच्या मशीनला बोल लावायचो. मग मी नवीन डिस्क आणायला निघायचो, पडलेल्या तोंडाने, जणू माझाच जीव चाललाय.

बायकोला ठाऊक होतं. पुस्तक त्या पानावर उघडं राहिलं होतं. दाबून टाक ना ते बटण, ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्यात नाक खुपसू नकोस. तेव्हापासून ताई आली की ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसते. आजही वाजवत होती.

तर आज डिस्क आपटून झाल्यावर ताई खुर्चीत बसली आणि म्हणाली, आज मी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून येतेय. त्या माणसाने डिस्क उजेडात धरली, मागची बाजू तिरकी करून बघितली आणि दोन मिनिटांत सांगितलं होतं की ही बंदच केलेली नाही, जिथे लिहिली तिथेच चालेल.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"पाचही वेळा?"

मी रिमोट शोधायला लागलो. तो माझ्या हातातच होता. स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

ताई ओरडली नाही. तिने ओरडावं अशी माझी तयारी होती, उत्तरंही तयार होती. ती एवढंच म्हणाली, "लहानपणापासून तू असाच. स्वतःला नको असलं तरी दुसऱ्याच्या ताटातलं सांडायचं. आता माझ्यासमोर बंद कर."

मी डिस्क रेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरायला लागली. तीन मिनिटं आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत बसलो. मला तिचा भयंकर राग येत होता आणि तिचं म्हणणं खरं होतं म्हणून तो आणखी येत होता.

पट्टी भरल्यावर मी डिस्क काढून पुढे केली. तिने घेतली नाही. तुझा भरवसा नाही, म्हणाली, सगळी इथे बघूनच नेणार. मग पिशवीतून तिने एक राखाडी कोट काढला, अर्धा शिवलेला, आणि त्याची सुटी बाही. अंगुस्तान बोटात घातलं, सुईत दोरा ओवला. टेबलावरचा माझा चहाचा कप उचलून खिडकीत ठेवला आणि कापड मांडलं. वही उघडली. लाव, म्हणाली.

बाबा पडद्यावर आले. खडू, मापं, कात्री. ताई मध्येच थांबव म्हणायची, मागे घे म्हणायची, मी हुकुमाचा ताबेदार असल्यासारखा बटणं दाबायचो. खिसे तिने पळवायला लावले. ते मला येतात, म्हणाली. तासाभराने बाबांनी कोट डाव्या गुडघ्यावर घेतला, उजव्या हातात बाही घेतली. ताईने स्वतःचा कोट गुडघ्यावर घेतला आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

पडद्यावर बाबा म्हणाले, "केव्हाचा उभा आहेस, पाय दुखत असतील." आणि चित्र हळूच वर गेलं, त्यांच्या चेहऱ्यावर.

तिथेच राहिलं. ओठांत टाचण्या, नाकावर घसरलेला चष्मा, आणि बहिऱ्या उस्तादांची ती गोष्ट. मला ती शब्दन् शब्द पाठ आहे. खाली कुठेतरी दोरा ओढल्याचा आवाज येत होता. ताई म्हणाली, पुढे घे. मी घेतलं. चेहरा. आणखी पुढे. चेहरा. अकरा मिनिटं चेहरा, मग बाबा खळखळून हसले, चित्र हललं, खाली आलं, आणि गुडघ्यावर कोट होता आणि बाही बसलेली होती.

ही टेप मी तीस-चाळीस वेळा तरी बघितली असेल. त्यात हात दिसत नाहीत हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. मी ते बघतच नव्हतो.

ताईने स्वतः रिमोट घेऊन ती अकरा मिनिटं पुन्हा लावली, पहिल्यापासून. मग मशीन थांबवलं. "चेहरा मी रोज बघत होते," ती म्हणाली. मला वाटलं ती आता रडणार. ती रडली नाही, माझ्याकडे वळली.

"तू तर समोर उभा होतास. कॅमेऱ्यात नसेल आलं, तू पाहिलं असशील. डावा हात कुठे होता? मुंढ्याच्या आत की बाहेर?"

मला माहीत नव्हतं. मी त्या अकरा मिनिटांत बाबांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण ते तोंड माझ्याशी बोलत होतं. हे ओठांपर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं ते मला ठाऊक होतं. कापड उलटं कापलं त्या दिवशी बाबांनी बघितलं होतं, तसंच. ते मी पुन्हा सोसणार नव्हतो.

"आत," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. मनगटापर्यंत आत."

तिने डावा हात मुंढ्यातून आत घातला, बाही वरून ठेवली, आतल्या बोटांनी कापड सावरत दोन-तीन कच्चे टाके घातले. मान वाकडी करून बघितलं. टाके उसवले, पुन्हा घातले. बायको दारात येऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. ताईने वही ओढली आणि लिहिलं, डावा हात आत, मनगटापर्यंत. त्याखाली दोन रेघा मारल्या.

"मी इतकी वर्षं बाहेरून धरत होते," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं, तू तरी होतास तिथे." तिच्या तोंडून माझ्याबद्दल असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तिने पुन्हा पेन टेकवलं.

"आणि अंगठा? अंगठ्याने बाहीचं कापड पुढे सारत होते की दाबून धरत होते?"

मी जरा आठवल्यासारखं केलं आणि अंगठ्याचंही सांगितलं.